एका काडीला एक अक्षर

एकवीस वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे, आणि आमच्या कालव्याच्या दोन्ही काठांवर माझ्याइतकं इंग्रजी दुसऱ्या कुणाच्या डोक्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ही फुशारकी नाही. तेव्हा खरंच तसं वाटायचं, म्हणून सांगते.

आमचं गाव चटयांचं. घरोघरी माग आणि दारोदारी रंगवून वाळत घातलेला लव्हाळा. शाळेत येणाऱ्या पोरांच्या बोटांची टोकंसुद्धा कायम लाल नाहीतर जांभळी असतात. वह्या तपासायला घेतल्या की प्रत्येक पानाच्या कडेला अंगठ्याचा रंगीत ठसा सापडतो. सुरुवातीला मी त्यावरून ओरडायचे, मग सोडून दिलं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आमचे मुख्याध्यापक खोय सर यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि एक यादी पुढे सरकवली. जूनमध्ये नववीच्या पोरांची मोठी परीक्षा असते. तीन पेपर: साहित्य, गणित, इंग्रजी. निघाला तो सरकारी हायस्कुलात दहावीला, राहिला तो मागावर, वीटभट्टीवर किंवा शहरातल्या कारखान्यात. शाळेची अब्रू टक्क्यांवर ठरते, आणि टक्के वाढवायचा एक सोपा उपाय आमच्या शाळेनं शोधून काढला होता. जी पोरं नापास होतील असं वाटतं, त्यांना बसूच द्यायचं नाही. असं कागदावर कोण लिहील? कागदावर लिहिलेलं असायचं, 'माझा पाल्य स्वेच्छेने परीक्षेस बसत नाही.' खाली पालकाची सही.

"तुमच्या वर्गातली पाच," खोय सर म्हणाले. "चौघांच्या सह्या आल्या. ही एक राहिलीय, लुआ."

"तिची आई शाळेत येत नाही, सर. निरोप धाडला की उत्तर येतं, माग सोडता येत नाही."

"मग तुम्ही जा. तुमची जीभ बरी चालते. जरा गोड चालवा, म्हणजे झालं."

लुआ म्हणजे रेशीम. चटया विणणाऱ्यांनी पोरीचं नाव रेशीम ठेवलं म्हणून वर्गात तिची थट्टा व्हायची. सडपातळ, काळीसावळी, खाली मान घालून बसणारी मुलगी. वर्षभरात मी अकरा सराव परीक्षा घेतल्या होत्या. प्रत्येकीत चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि बरोबर पर्यायाचं गोल पेन्सिलीनं काळं करायचं. लुआला दहापैकी सव्वाचार मिळायचे, कधी साडेचार, कधी पावणेपाच. पाच कधीच नाहीत. बाकीचे दोन पेपर ती कसेबसे काढायची, अडायचं ते इंग्रजीत.

तोंडी विचारलं तर आणखी आनंद. धडा सुरू करण्याआधी एखाद्याला फळ्यापाशी बोलावून मागचे शब्द विचारायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. मी हजेरीपटावरून बोट फिरवायला लागले की पंचेचाळीस पोरं श्वास रोखतात. लुआ उठून यायची, हात मांडीशी धरून उभी राहायची, ओठ हलायचे, बोटं मांडीवर हलायची, पण आवाज काही येत नसे. मी म्हणायचे, "लुआ, शब्द विचारलाय, लग्नाची मागणी घातलेली नाही. बोल पटकन!" वर्ग खो खो हसायचा. ती आणखीच थांबायची. मी शून्य मांडून पुढच्याला बोलवायचे.

याच वर्गात तोआन नावाचा एक अवली होता. त्यानं खोडरबराच्या चार बाजूंवर चार पर्याय लिहून ठेवले होते. उत्तर आलं नाही की रबर टाकायचा आणि जी बाजू वर येईल ते गोल काळं करायचा. एवढं करून त्याला साडेपाच पडायचे. मी त्याला रागवत नव्हते. उलट मीच सगळ्यांना सांगायचे, "रिकामं काही सोडू नका रे. येत नसेल तर कुठलंही गोल भरा." तोआनचं नाव खोय सरांच्या यादीत नव्हतं, लुआचं होतं.

तर मी कागद पर्समध्ये घातला आणि दुपारच्या उन्हात स्कूटर काढली. लुआचं घर कालव्याच्या अगदी टोकाला. वडील बिन्ह दुओंगला कारखान्यात, घरी मायलेकी दोघीच. आईला सगळे साउताई म्हणतात. साउ म्हणजे सहा. आमच्याकडे मोठ्या माणसाला जन्माच्या क्रमावरून हाक मारतात, खरं नाव सरकारी कागदापुरतं.

स्कूटर लावताना आतून मागाचा आवाज आला. चटईच्या मागावर दोघं लागतात. एक जण बाजूला बसून लांब काठीच्या टोकाला लव्हाळ्याची काडी अडकवतो आणि ताणलेल्या दोऱ्यांमधून आरपार सारतो. दुसरा मागावर बसून फणी उचलतो आणि धप्पकन आपटून ती काडी घट्ट बसवतो. हा आवाज मी जन्मल्यापासून ऐकत आलेय. पण या घरात प्रत्येक धप्पच्या आधी कुणीतरी काहीतरी बोलत होतं.

"न." धप्प. "ए." धप्प. "इ." धप्प. "ग." धप्प. "ह." धप्प.

मी दाराशी थबकले. लुआचा आवाज होता, स्वच्छ, न अडखळता. "ब. ओ. उ. र." शेवटचा धप्प पडला आणि साउताई म्हणाल्या, "शेजारी."

पुढची काडी, पुढचा शब्द. इंग्रजी शब्द होते, माझेच, मी शिकवलेले. पण अक्षरांचे उच्चार आमच्या भाषेचे. लिपी एकच असल्यामुळे आमच्याकडची कुठलीही आई, इंग्रजीचा गंध नसला तरी, पोराची वही हातात धरून शब्द म्हणून घेऊ शकते. सगळ्याच घरांत घेतात. मात्र इंग्रजीतली चार अक्षरं आमच्या लिपीत नाहीत. या घरात त्यांचं बारसं झालेलं होतं.

"गळ." धप्प. "उ." धप्प. "म." धप्प. "प." धप्प.

"उडी मारणे."

गळ म्हणजे मासे धरायचा गळ, त्या आकाराचं अक्षर 'जे', हे माझ्या डोक्यात शिरायला क्षणभर वेळ लागला. पुढे 'दोन होड्या' आल्या, एकमेकींना चिकटलेल्या, मग 'मोडकी काठी' आली, मग 'तुटकी किल्ली'. मला हसू फुटलं, आणि तेवढ्यात फणी थांबली. लुआनं एक अक्षर चुकीचं म्हटलं होतं. साउताईंनी फणी वरच धरून ठेवली. लुआनं घातलेली काडी मुकाट्यानं ओढून काढली, थोडा विचार केला, दुसरं अक्षर म्हणत तीच काडी पुन्हा सारली. धप्प.

"थोआबाई, बाहेर का उभ्या? ऊन लागेल," साउताईंनी मान न वळवताच मला ओळखलं. "लुआ, बाईंना बर्फ घालून चहा दे. आणि ते पेरू काप. मीठमिरची विसरू नको."

मी आत जाऊन लाकडी पलंगावर बसले. लुआ माझ्याकडे न बघता चहा ठेवून गेली. मी विचारलं, "साउताई, वही कुठंय?"

"कुठली वही?"

"जिच्यात बघून तुम्ही म्हणून घेता ती."

"त्या खुंटीला आहे बघा. सहावीची तर उंदरांनी खाल्ली." त्या हसल्या. "वही धरायला हात मोकळे कुठं असतात, बाई? पोरगी पहिल्या दिवशी वाचून दाखवते. चार-पाच चटया झाल्या की बसतं डोक्यात."

"सहावीचं अजून बसलेलं आहे?"

हा प्रश्न मी थट्टेनं विचारला होता, खोटं कशाला बोलू. तिसरी शिकलेली बाई.

"कुठला धडा?"

"पाचवा," मी म्हणाले, तोंडाला आला तो आकडा.

साउताईंनी फणीवर हात ठेवला. काडी नव्हती, नुसती फणी हलकेच टेकवत त्या सुरू झाल्या. पहिला शब्द, अक्षर अक्षर, मग अर्थ. दुसरा शब्द. चौतीस शब्द झाले. मग त्या धड्यात मी फळ्यावर लिहून दिलेला नियम, मग त्याखालची उदाहरणाची पाच वाक्यं, माझी स्वतःची, कुठल्याही पुस्तकात नसलेली. एका वाक्यात मी गंमत म्हणून खोय सरांच्या टकलाचा उल्लेख केला होता, तोही जागच्या जागी. मी म्हटलं, सातवीचा अकरावा. त्यांनी म्हटला. नववीचा दुसरा. म्हटला. चहातला बर्फ विरघळून पाणी झालं तरी मी ग्लासाला हात लावला नव्हता.

एकाही शब्दाचा उच्चार त्यांना धड येत नव्हता. शेजाऱ्याच्या त्या शब्दाला त्या 'नेइग्हबोउर' म्हणायच्या. पण चार वर्षांचे हजार-बाराशे शब्द आणि वर माझी सगळी वाक्यं त्या बाईच्या आत होती, आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. मी शिकवते ते वर्गाच्या भिंतींपाशीच संपतं असं मी धरून चालले होते. इथं ते एका मातीच्या जमिनीवर बसून कुणीतरी रोज जगवत होतं. देवळात गेल्यावरही मला इतकं लहान वाटलेलं नाही.

"बाई," साउताई म्हणाल्या, "कागद आणलाय ना?"

"कसला?"

"पलीकडच्या घरी आला होता तो. न बसण्याचा." त्यांनी फणी खाली ठेवली. "काढा. लाजताय कशाला? करते सही. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगाल ते खरं असणार. फक्त एवढं सांगा, पोरीला काय येत नाही? म्हणजे तेवढं तरी आम्ही मागावर घेऊ."

लुआ कोपऱ्यात उभी होती, हातात पेरूची बशी. तिचा चेहरा पांढरा पडलेला. मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की पोरीला काय येत नाही ते मला माहीतच नाही.

"उद्या सांगते," मी म्हणाले आणि पेरू न खाताच उठले.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाच्या तासभर आधी मी शाळेत पोचले. कपाटातून अकराही सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका काढल्या. त्या मी कधी डोळ्यांनी पाहिलेल्याच नव्हत्या. पत्रिकेवर फोन धरायचा, फोन गुण सांगतो, आपण वहीत उतरवायचे, असा आमचा कारभार. लुआच्या अकरा पत्रिका मी टेबलावर ओळीनं मांडल्या.

पहिलीत एक ते सतरा भरलेले होते. अठरापासून चाळीसपर्यंत कोरं. सतराच्या सतरा बरोबर. दुसरीत अठरा भरलेले, अठरा बरोबर. तिसरीत एकोणीस, एकोणीस बरोबर. मी एकेक उत्तर पडताळत गेले. अकरा पत्रिकांत मिळून एकशे ब्याण्णव उत्तरं, आणि चूक एकही नाही. वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाच्या एका पत्रिकेत यापेक्षा जास्त चुका असायच्या. वर्षभर ही मुलगी मला एकही चूक न करता उत्तरं देत होती, आणि मी तिला 'ढ' म्हणून बाजूला काढत होते.

घंटा होण्याआधी मी तिला बोलावून घेतलं. "लुआ, पुढचे प्रश्न का सोडतेस?"

"वेळ संपतो, बाई."

"इतका वेळ कसा लागतो?"

मी या वेळी गप्प बसून वाट पाहिली. माझ्यासारखीला हे किती जड गेलं ते मलाच ठाऊक. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "चारही पर्याय मागावर घालावे लागतात, बाई. चुकीचा असला की फणी पडत नाही. ज्याला पडते तो खरा."

"परीक्षेत कुठं असते फणी?"

तिनं मांडीवर बोटं टेकवली. "इथं."

म्हणजे पोरगी एकेक पर्याय अक्षर अक्षर विणून बघत होती. चाळीस प्रश्नांचे एकशे साठ पर्याय. मला हसावं की रडावं कळेना.

"आणि शेवटच्या मिनिटाला उरलेली गोलं अंदाजानं भरून टाकावीत, हे शंभरदा सांगितलंय ना मी?"

"हातात काय आहे ते न बघता काडी कशी घालणार, बाई?" ती खरोखर चकित होऊन म्हणाली. "पुढची सगळी चटई उसवावी लागते."

मी तडक ऑफिसात गेले आणि तो बिनसहीचा कागद खोय सरांच्या टेबलावर ठेवला.

"सही?"

"नाही. लुआ बसणार."

"थोआबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? पावणेपाचच्या वर गेलीय कधी ती? टक्का घसरला तर तुमचं 'उत्कृष्ट शिक्षिके'चं प्रशस्तिपत्र गेलं म्हणून समजा."

"घरात अशी सात आहेत, सर. आठवं लावायला भिंत नाही."

"मग जबाबदारी तुमची."

"माझीच आहे," मी म्हणाले. बाहेर आल्यावर मात्र मी दिवस मोजले. परीक्षेला पाच आठवडे राहिले होते. पोरगी अर्ध्यावर अडकली तर सरकारी हायस्कुलाचं दार बंद, आणि खाजगी शाळेचं नाव काढण्याइतकीही त्या घराची ऐपत नव्हती.

संध्याकाळी मी साउताईंना सांगितलं. पोरीला सगळं येतं, पण वेळ पुरत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, मग ही चूक माझी. फणी मी टाकते ना? पोर माझ्या हाताच्या चालीनं चालते. मी आपली फुलांची चटई घेऊन बसलेय चार वर्षं, चार रंग सांभाळत, सावकाश." त्या उठल्या आणि मागावरची अर्धी झालेली लाल-हिरवी चटई सोडवायला लागल्या.

"अहो, ती तरी पुरी करा!"

"होईल नंतर. साधी एकरंगी लावते. हात पळेल."

हात पळाला. पण अक्षराला एक काडी या हिशेबानं कितीही पळालं तरी तासात चाळीस प्रश्न बसेनात. तिसऱ्या दिवशी साउताईंनीच मार्ग काढला. "लुआ, आता अक्षर नाही. आख्खा शब्द एका काडीला."

"नाही जमणार, आई. मधलं अक्षर गळालं तर कळणारच नाही."

"मला कळेल. तू घाल काडी."

पहिला आठवडा वाईट गेला. शब्द एकदम पकडायला गेली की लुआ घाबरायची, फणी पुन्हापुन्हा वरच राहायची, आणि त्या आठवड्याच्या सरावात तिनं चौदाच प्रश्न सोडवले. मी घरी येऊन नवऱ्यावर उगाच डाफरले. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी तिथं बसून प्रश्न वाचत होते, आणि माझ्या लक्षात आलं की फणी थांबलेली नाही. धप्प, धप्प, धप्प, एका काडीला एक शब्द, आणि साउताई अर्थसुद्धा सांगेनाशा झाल्या होत्या, कारण त्यांना तेवढी उसंत नव्हती. मी प्रश्न वाचायला मागे पडत होते. दोघी मायलेकी घामानं निथळत होत्या आणि हसत होत्या. मी वाचायचं थांबवलं तरी त्या थांबल्या नाहीत, त्यांनी पाठ असलेलं घेतलं आणि पुढे निघाल्या. माणसाचं डोकं असंही चालू शकतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

चोवीस झाले, मग एकोणतीस, मग तेहेतीस. शेवटच्या सरावाला छत्तीस. चूक अजूनही एक नाही, आणि अंदाजानं भरलेलं गोल तर नाहीच नाही. मी समजावलं, रागावले, हातापाया पडले. "एवढं एक ऐक माझं, शेवटची गोलं भर." ती नुसती "हो बाई" म्हणायची, आणि करायची नाही.

परीक्षेच्या दिवशी हायस्कुलाच्या फाटकाबाहेर ही गर्दी. आईबाप झाडाखाली, स्कूटरवर, पदपथावर. साउताई चटई अंथरून बसल्या होत्या, अर्थात. इस्त्रीचा जांभळा सदरा, डोक्यावर नवी शंकूच्या आकाराची टोपी. इंग्रजीचा पेपर तासाचा. घंटा झाली आणि त्यांचा उजवा हात गुडघ्यावर हलायला लागला. एका लयीत, न थांबता.

शेजारच्या बाईनं विचारलं, "ताई, हाताला काय झालं हो?"

"काही नाही, पेपर चाललाय," साउताई म्हणाल्या.

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. घड्याळाचा काटा बघवत नव्हता. एखादी लय तुटली तर, एखाद्या प्रश्नावर ती पोर पुन्हा अक्षर अक्षर करत बसली तर, हेच माझ्या मनात घोळत होतं. साउताईंचा हात मात्र चालला होता. मग तो थांबला.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता झालं असेल तिचं."

मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं बाकी होती.

लुआ बाहेर आली ती उन्हानं डोळे बारीक करत. "अडतीस झाले, बाई. दोन सोडले."

"वेळ नव्हता?"

"होता. चार मिनिटं बसून होते."

माझा पाराच चढला. "चार मिनिटं! अगं, चारातलं एक गोल काळं करायला किती वेळ लागतो? तोआनच्या रबरालासुद्धा तुझ्यापेक्षा अक्कल आहे!"

"येत नव्हते ते, बाई."

साउताईंनी उसाच्या रसाचा ग्लास लेकीच्या हातात दिला.

निकाल लागायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत मी खोय सरांच्या समोरून जायचं टाळलं. निकाल फोनवर दिसला तशी मी स्कूटरला किक मारली आणि साउताईंच्या दारातूनच ओरडले, "साडेनऊ! इंग्रजीत साडेनऊ! शाळेत पहिली! हायस्कूल मिळालं!"

फणी थांबली. लुआ काठी हातात धरून तशीच बसून राहिली आणि मग एकदम रडायला लागली. साउताईंनी लाल रंगलेल्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले. मीही रडत होते, लपवण्यात अर्थ नव्हता. अडतीसच्या अडतीस बरोबर आली होती.

"बाई," जरा वेळानं साउताई म्हणाल्या, "ते दोन कुठले?"

"जाऊ द्या हो ते दोन! कोण विचारतंय आता?"

"मी विचारतेय."

प्रश्नपत्रिका माझ्या पर्समध्येच होती. मी उघडली. लुआनं बोटानं दाखवले. दोन्ही शब्द एकाच धड्यातले निघाले, भूकंप आणि ज्वालामुखीच्या.

"साउताई, हे तर आठवीतलं," मी चिडवायच्या सुरात म्हणाले. "नववा धडा. सापडलात की नाही शेवटी? हे कसं राहिलं?"

त्यांनी फणीवर हात ठेवला आणि आठवीचा आठवा धडा म्हणायला सुरुवात केली. पहिल्यापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मग माझी वाक्यं. तो संपला. पुढचाच श्वास घेऊन त्यांनी दहावा सुरू केला.

"थांबा, नववा?"

"नववा तुम्ही घेतला नाही, बाई," त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, जे आहे ते सांगितल्यासारखं.

लुआ खाली बघत होती. आणि मला आठवलं. त्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न होतं. आठ दिवसांची रजा काढून मी कान थो शहरात गेले होते. परत आल्यावर वर्गात म्हणाले होते, "आपल्या कालव्यात कुठला ज्वालामुखी फुटणार आहे? उघडा दहावा धडा." पोरं हसली होती. मीही हसले होते. त्यानंतर तो धडा माझ्या डोक्यात पुन्हा आला नव्हता.

चार वर्षांत मी जे जे दिलं होतं ते या घरात पोचलं होतं, एक काडीही न गळता. पोचलं नव्हतं तेवढंच, जे मी दिलंच नव्हतं. मी तिथं मातीच्या जमिनीवर खाली बसले. पाय धरावेत असं वाटलं, पण ते त्यांना आवडलं नसतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"मग सांगा आता," साउताई म्हणाल्या आणि लेकीला काडी लावायची खूण केली. लुआनं डोळे पुसून काठी उचलली.

मी पहिला शब्द सांगितला, अक्षर अक्षर. साउताईंनी फणी टाकली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अर्थ?"